बुडालेले गाव आणि जिवाचे अनुबंध : पळसदेवच्या संदर्भात मनोगतिकीय उपचारविचाराचा ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना

पुणे–सोलापूर महामार्गावर इंदापूर तालुक्यात पळसदेव हे गाव लागते. प्रवाशाला महामार्गालगत दिसते ते नवे गावठाण होय. जुने पळसदेव भीमेच्या काठी होते आणि सत्तरच्या दशकात ते उजनी धरणाच्या पाणफुगवट्याखाली गेले. शके १०७९ (इ. स. ११५७) च्या शिलालेखामुळे या गावाचे नाव प्राचीन मराठी कोरीव लेखांच्या अभ्यासकांना परिचित आहे. पळसनाथाचे प्राचीन देवालय, त्याच्या परिसरातील वीरगळ आणि सतीशिळा हे सारे जुन्या गावठाणाबरोबर पाण्यात राहिले. नव्या गावात पळसनाथाचे नवे मंदिर उभे राहिले. मात्र ज्या उन्हाळ्यात उजनीचा साठा फार खाली जातो, त्या उन्हाळ्यात जुन्या देवळाचे शिखर आणि मग सबंध देऊळ पाण्याबाहेर येते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते असेच उघडे पडले, तेव्हा ते पाहण्यासाठी लोकांनी गर्दी केली.

या गर्दीकडे पर्यटन म्हणून पाहता येते, तसेच पुरातत्त्वाविषयीची जिज्ञासा म्हणूनही पाहता येते. परंतु ज्यांचे बालपण त्या पाण्याखाली आहे त्यांच्यासाठी देवळाचे हे दर्शन काय असते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानेही विचारला पाहिजे. धरणग्रस्तांचा इतिहास आपण जमीन, मोबदला, लाभक्षेत्र आणि आंदोलन या चौकटीत लिहीत आलो. गेलेल्या गावाविषयीच्या ओढीला आणि दुःखाला त्या चौकटीत स्थान मिळाले नाही. प्रस्तुत लेखात मनोगतिकीय मानसोपचारातील अनुबंध आणि भावना यांविषयीच्या विचाराचा इतिहास थोडक्यात पाहून, त्याच्या प्रकाशात पळसदेवच्या अनुभवाकडे कसे पाहता येईल, याचे विवेचन केले आहे. लाभ झाला म्हणून शोक संपत नाही आणि ज्या शोकाला बोलण्याची जागा मिळत नाही तो इतिहासाच्या साधनांतूनही नाहीसा होतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

संज्ञेचा प्रश्न : आसक्ती की लळा?

इंग्रजीतील ‘अटॅचमेंट’ या संज्ञेसाठी मराठीत ‘आसक्ती’ हा शब्द वापरला जातो, परंतु तो अडचणीचा आहे. गीतेपासून संतवाङ्मयापर्यंत आसक्ती ही सोडण्याची गोष्ट मानली गेली आहे. मानसशास्त्राला अभिप्रेत असलेला अर्थ याच्या जवळजवळ उलट आहे. बालकाचे आपल्या सांभाळकर्त्याशी जडणारे नाते ही त्याच्या जगण्याची अट असते. तो दोष नसून गरज आहे. म्हणून या लेखात ‘अनुबंध’ हा शब्द स्वीकारला आहे.

बोलभाषेत मात्र याहून नेमके शब्द आहेत. लहान मुलाला आजीचा लळा लागतो आणि वासरालाही माणसाचा लळा लागतो. आपल्याकडे जीव लावला जातो, जीव गुंततो, जीव टांगणीला लागतो आणि हरवलेले मूल सापडले की जीव भांड्यात पडतो. विरहाची भीती, शोध, पुनर्भेटीने मिळणारा विसावा या अनुबंधाच्या सर्व अवस्था या वाक्प्रचारांत आल्या आहेत. विशेष म्हणजे मराठी माणसाचा जीव केवळ माणसात गुंतत नाही. तो घरात, गोठ्यात, विहिरीत आणि गावाच्या देवातही गुंततो. माहेर या शब्दात तर माणसे आणि जागा वेगळी काढताच येत नाहीत. जात्यावरच्या ओव्यांतून स्त्रियांनी याच अनुबंधाला पिढ्यान्‌पिढ्या वाचा दिली. पळसदेवच्या ज्या लेकी सासरी गेल्या होत्या, त्यांचे माहेर नव्या जागी वसले. माणसे तीच राहिली, पण ज्या उंबऱ्यावरून त्या निघाल्या तो उंबरा राहिला नाही.

अनुबंधविचाराची वाटचाल

मनोविश्लेषणात शोकाचा पहिला महत्त्वाचा विचार सिग्मंड फ्रॉइडच्या १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शोक आणि विषाद’ या निबंधात आढळतो. गेलेल्या व्यक्तीत गुंतलेली मानसिक ऊर्जा हळूहळू सोडवून घेणे हे शोकाचे कार्य होय, अशी त्याची मांडणी होती. पुढे १९२० मध्ये त्याची कन्या सोफी निवर्तली. त्यानंतर ९ वर्षांनी बिन्सवांगर या सहकाऱ्याला पाठविलेल्या सांत्वनपर पत्रात, अशा हानीला पर्याय कधीच मिळत नाही, अशा आशयाची कबुली त्याने दिली. सिद्धांतकार फ्रॉइडपेक्षा पिता फ्रॉइड येथे पुढे गेलेला दिसतो.

भारतात मनोविश्लेषणाची परंपरा नवी नाही. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना केली आणि फ्रॉइडशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. परंतु ही परंपरा मुख्यतः महानगरांपुरती राहिली. सुधीर कक्कर यांच्या १९७८ मधील ‘द इनर वर्ल्ड’ या ग्रंथाने भारतीय बालपण, माता आणि विस्तारित कुटुंब यांचा मनोविश्लेषणात्मक विचार व्यापक वाचकवर्गापर्यंत नेला.

अनुबंधाचा स्वतंत्र सिद्धांत ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी (१९०७–१९९०) यांनी मांडला. दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी केलेला अहवाल १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. आईपासून दुरावलेल्या मुलांच्या मनावर होणारे परिणाम त्यांनी त्यात मांडले. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी १९५४–५५ मध्ये युगांडातील खेड्यांत माता-बालकांचे निरीक्षण केले. म्हणजे या सिद्धांताचा एक पाया आफ्रिकेतील कृषक समाजात आहे, ही बाब आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे. सुरक्षित आधार असेल तरच मूल निर्धास्तपणे जग धुंडाळते आणि भीती वाटताच परत येते, हा या निरीक्षणांचा गाभा होय.

बोल्बी यांच्या त्रिखंडात्मक ग्रंथाचा ‘अनुबंध’ हा पहिला खंड १९६९ मध्ये, ‘विरह’ हा दुसरा १९७३ मध्ये आणि ‘हानी’ हा तिसरा १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. उजनी धरणाची पायाभरणी ७ मार्च १९६६ रोजी यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाली आणि धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. हा केवळ कालयोग आहे. तरीही तो विचार करायला लावतो. हानी आणि शोक यांचे शास्त्र लंडनमध्ये ज्या वर्षांत आकार घेत होते, नेमक्या त्याच वर्षांत भीमेकाठची गावे घरांच्या तुळया, कौले आणि दारे काढून नव्या गावठाणाकडे निघाली होती. या दोन घटनांची कोणत्याही शासकीय कागदावर भेट झाली नाही.

उपचारकक्षातील अनुबंध आणि भावना

मनोगतिकीय उपचार म्हणजे नेमके काय, हे येथे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. अबोध मन, पूर्वायुष्यातील नाती आणि भावना टाळण्याच्या आपल्या सवयी यांचा वर्तमान दुःखाशी असलेला संबंध उपचारक आणि रुग्ण यांनी मिळून उलगडणे, असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे. या उपचारपद्धतीच्या परिणामकारकतेचा आढावा घेणाऱ्या २०१० मधील लेखात जोनाथन शेडलर यांनी तिची जी वैशिष्ट्ये नोंदविली, त्यांत भावना आणि त्यांची अभिव्यक्ती यांना प्रथम स्थान दिले आहे.

बोल्बी यांनी १९८८ मधील ‘अ सिक्युअर बेस’ या ग्रंथात उपचारकाचे पहिले कार्य सांगितले ते सुरक्षित आधार होण्याचे. भयभीत मूल जसे आईच्या जवळ उभे राहून अनोळखी वस्तूकडे पाहू शकते, तसे उपचारकाच्या सोबतीने माणूस आपल्या दुःखाकडे पाहू शकतो. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ऐकणाऱ्याचे न डगमगणे या साध्या गोष्टींतून हा आधार निर्माण होतो. दुसरे कार्य म्हणजे उपचारकाशी जडणाऱ्या नात्याचेच निरीक्षण. पूर्वी ज्यांच्यावर विसंबलो त्यांच्याविषयीची अपेक्षा, राग आणि अविश्वास माणूस नकळत उपचारकाकडे वळवतो. यालाच भावसंक्रमण म्हणतात. उपचारक सुट्टीवर गेला की एखादा रुग्ण अस्वस्थ होतो, तर दुसरा जणू काही घडलेच नाही असे दाखवतो. दोन्ही प्रतिक्रियांत विरहाचा जुना अनुभव बोलत असतो. तिसरे कार्य टाळलेल्या भावनेला शब्द मिळवून देण्याचे. ‘झालं ते बरंच झालं’ असे कोणी घाईने म्हणतो, त्याच वेळी त्याचा आवाज बदलतो, नजर खाली जाते किंवा विषय पालटतो. उपचारक त्या क्षणापाशी थांबतो, पण भावना उकरून काढत नाही. ती येऊ शकेल इतकी निर्धास्तता तो निर्माण करतो.

मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात प्रौढांसाठी अनुबंध-मुलाखतीचे तंत्र विकसित केले. बालपण सुखाचे होते की दुःखाचे, यापेक्षा ते कसे सांगितले जाते याला त्यात महत्त्व आहे. काही जण सारे छान होते असे म्हणतात, पण त्यांना एकही प्रसंग सांगता येत नाही. काही जण जुन्या रागात इतके अडकतात की वाक्य पूर्ण होत नाही. ज्यांच्या मनात दुःखाला जागा मिळाली आहे ते कटू आठवणही सुसंगतपणे सांगू शकतात. मौखिक इतिहासाच्या अभ्यासकाने हे सूत्र विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

घर गमावल्याचा शोक

अनुबंध आणि शोक यांचा विचार व्यक्तीकडून जागेकडे नेण्याचे श्रेय अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्क फ्राइड यांना द्यावे लागेल. बॉस्टन शहरातील वेस्ट एंड ही कामगारवस्ती नगरविकासासाठी पाडण्यात आली. तेथून हलविलेल्या कुटुंबांचा अभ्यास करून फ्राइड यांनी १९६३ मध्ये ‘गमावलेल्या घराचा शोक’ या आशयाचा निबंध लिहिला. घर गमावलेल्यांची प्रतिक्रिया आप्त गमावलेल्यांच्या शोकासारखी असते, हे त्यांनी दाखविले. पीटर मॅरिस यांनी १९७४ मधील ‘लॉस अँड चेंज’ या ग्रंथात वैधव्य आणि वस्तीतून झालेली हकालपट्टी यांचा एकत्र विचार केला. आफ्रिकेतील झांबेझी नदीवरच्या करिबा धरणामुळे सुमारे ५७,००० ग्वेम्बे टोंगा लोक विस्थापित झाले. त्यांचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर यांनी विस्थापनाचा ताण शारीरिक, मानसिक आणि सामाजिक-सांस्कृतिक अशा तीन अंगांनी मांडला आणि त्याच्या मानसिक अंगात गमावलेल्या घराच्या शोकाचा समावेश केला.

महाराष्ट्रात विस्थापनाच्या दुःखाला आंदोलनाच्या रूपाने वाचा फुटली ती मुळशीत. १९२१ मध्ये सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाचे नेतृत्व सेनापती बापट यांनी केले. ‘जान किंवा जमीन’ या तेथील घोषणेत जमीन ही मालमत्ता म्हणून येत नाही, ती जिवाच्या तोडीची म्हणून येते. पुढे कायद्याने याची दखल कशी घेतली हे पाहणे उद्‌बोधक आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २३(२) मध्ये संपादन सक्तीचे आहे या कारणास्तव बाजारभावावर १५ टक्के अधिक रक्कम देण्याची तरतूद होती. १९८४ च्या दुरुस्तीने ती ३० टक्के झाली आणि २०१३ च्या कायद्याने १०० टक्के. मराठीत तिला ‘दिलासा रक्कम’ म्हणतात. सक्तीमुळे काही वेगळे दुखावते, हे कायद्याला अस्पष्टपणे का होईना ठाऊक होते, असे या शब्दावरून म्हणता येईल. परंतु त्याचे मोजमाप बाजारभावाच्या टक्केवारीतच झाले. राज्याचा १९७६ चा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा हे निश्चितच पुढचे पाऊल होते. पर्यायी जमीन आणि नागरी सुविधांसह नवे गावठाण ही त्यामागील दृष्टी होती. शाळा, रस्ते, पिण्याचे पाणी यांची यादी करता येते. गावाच्या निरोपाला मात्र अशा यादीत जागा नसते.

लाभ आणि शोक यांचे सहअस्तित्व

पळसदेवच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण ज्या पाण्याने गाव नेले त्याच पाण्याने परिसराला समृद्धीही दिली. उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. तिच्या काठावर उपसा सिंचनाने ऊस उभा राहिला, मासेमारीचा नवा व्यवसाय आला, भिगवण–कुंभारगावचा परिसर रोहित पक्ष्यांसाठी सर्वदूर प्रसिद्ध झाला. अशा स्थितीत ‘आमचे गाव गेले’ असे म्हणणे अवघड होते. ऐकणारा सहज म्हणतो, पण पाणी तर मिळाले! केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये समाजाची मान्यता न मिळालेल्या शोकाची संकल्पना मांडली. ज्या शोकाला उघडपणे व्यक्त होण्याचा अधिकार समाज देत नाही, तो आत मुरतो. विकासाच्या लाभार्थ्याचा शोक हा याच प्रकारात मोडतो.

मनोगतिकीय विचाराचे येथे मोलाचे साहाय्य होते. एकाच व्यक्तीविषयी माया आणि राग एकाच वेळी असू शकतात, हा त्याचा मूलभूत सिद्धांत आहे. या द्विधाभावातील एक बाजू नाकारली की दुसरी पोकळ होते. उपचारक रुग्णाला यांपैकी एकाची निवड करायला सांगत नाही, दोन्ही भावना एकत्र धरून ठेवण्याचे बळ देतो. धरणाच्या पाण्याविषयी कृतज्ञता आणि त्याच पाण्याविषयी दुखावलेपण हे दोन्ही खरे असू शकते. आपल्या स्थानिक इतिहासलेखनात मात्र विकासाची यशोगाथा आणि विस्थापितांची शोकांतिका अशी दोन वेगळी प्रकरणे होतात. प्रत्यक्षात ती एकाच घरात आणि अनेकदा एकाच माणसात नांदत असतात.

जुने देऊळ या द्विधाभावाचे मूर्त रूप आहे. व्हॅमिक व्होल्कन या मनोविश्लेषकाने शोकाच्या अभ्यासात ‘जोडवस्तू’ची संकल्पना मांडली. मृताचे घड्याळ किंवा वस्त्र माणूस जपून ठेवतो. ते रोज वापरत नाही आणि टाकूनही देत नाही. ते पेटीत बंद असते, अधूनमधून काढून पाहिले जाते. गेलेल्याशी नाते राखण्याचा आणि त्याचवेळी दुःख काबूत ठेवण्याचा तो मार्ग असतो. पळसनाथाचे जुने देऊळ जवळजवळ असेच आहे, फक्त पेटीची किल्ली गावाकडे नाही. ती पावसाकडे आणि धरणाच्या साठ्याकडे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे देऊळ दिसते ते टंचाईच्या वर्षी. साठा उणे पातळीत, म्हणजे मृतसाठ्यात खोल उतरतो, ऊस वाळू लागतो, आणि तेव्हाच पूर्वजांच्या देवळाचे दर्शन घडते. भेटीचा आनंद आणि दुष्काळाची चिंता एकाच वेळी वाट्याला यावी, अशी ही रचना आहे. धरण भरावे म्हणून प्रार्थना करणारा माणूस देऊळ पुन्हा बुडावे अशीही प्रार्थना नकळत करीत असतो.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. गाव हा रुग्ण नव्हे आणि शोक हा आजार नव्हे. डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या अखंड अनुबंधाच्या विचारानुसार, गेलेल्याशी नाते तोडणे हे शोकाचे उद्दिष्ट नसते. ते नाते नव्या रूपात चालू राहते. नव्या पळसदेवात पळसनाथाचे मंदिर बांधणे ही अशीच निरोगी कृती होती. देव सोबत आला, म्हणून गाव नव्या जागी गाव राहिले. औपचारिक मानसोपचार उपलब्ध नसताना समाजाने स्वतःसाठी निर्माण केलेला हा सुरक्षित आधार होय.

किल्लारीचा धडा

शासन आणि मानसशास्त्र यांची भेट होऊच शकत नाही असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे मरण पावली आणि ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या वतीने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास झाला. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. मोहन आगाशे यांचा त्यात पुढाकार होता. आपत्तीनंतर मनाचीही पडझड होते, हे यानिमित्ताने राज्यात सार्वजनिकरीत्या मान्य झाले. परंतु भूकंप एका पहाटेत होतो आणि धरण वर्षानुवर्षे भरते. मृत्यूविना झालेल्या हानीला ही मान्यता अद्याप मिळालेली नाही.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, विस्थापनाच्या इतिहासात अनुबंध आणि शोक हे गौण घटक नसून घटनेचाच भाग आहेत. दुसरा, समृद्धी आली म्हणून शोक अवैध ठरत नाही. दोन्हींची नोंद एकत्र झाली पाहिजे. तिसरा निष्कर्ष आपल्या महाविद्यालयांशी निगडित आहे. जुन्या पळसदेवात संसार केलेली पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. तिचे म्हणणे ऐकण्यासाठी फार वर्षे उरलेली नाहीत.

इंदापूर–बारामती परिसरातील इतिहास आणि मानसशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन हे काम हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्याला प्रश्नावली देऊन पाठविणे यासाठी पुरेसे होणार नाही. किती एकर गेली, किती रुपये मिळाले, या प्रश्नांनी मुलाखत सुरू झाली की ती तेथेच संपते. घराचे तोंड कोणत्या दिशेला होते, पाणी कोठून भरत होता, शेवटच्या रात्री घरात कोण झोपले होते, असे विचारावे आणि थांबावे. मौन आले तर ते भरून काढू नये. आवाज बदलला तर त्याची नोंद घ्यावी. एकाच भेटीत सारे गोळा न करता ठरल्या दिवशी पुन्हा जावे, कारण परत येणारा माणूसच विश्वासार्ह ठरतो. मुलाखत म्हणजे उपचार नव्हे, याचे भान ठेवावे आणि दुःख अनावर झाले तर तज्ज्ञाचे साहाय्य उपलब्ध असावे.

जुन्या देवळाच्या वीरगळांवर आणि सतीशिळांवर कोणे एके काळी समाजाने आपला शोक कोरून ठेवला होता. ते दगड आज पाण्याखाली आहेत. ज्यांनी ते पाण्यात जाताना पाहिले त्यांचा शोक कोरून ठेवण्यासाठी आपल्याजवळ दगड नाही, पण कान आहेत आणि कागद आहे. धरणाच्या इतिहासाचे लिहायचे राहून गेलेले पान तेथून सुरू होईल.